सात पेवांचं टेकाड

सुड्या पेटल्या तेव्हा दिवस जेमतेम कासराभर वर आला होता.

होळी होऊन आठ दिवस झाले होते. पांढरवाडीची ज्वारी कापून, पेंढ्या बांधून, गावाबाहेरच्या खळ्यांवर सुड्या रचून ठेवली होती. मळणी दोन दिवसांवर आली होती. ओढ्याच्या अंगानं अकरा माणसं आली. दोघांच्या खांद्यावर ठासणीच्या बंदुका, बाकीच्यांच्या हातात कुऱ्हाडी आणि भाले. ती गावात शिरली नाहीत, कुणाला काही विचारलंही नाही. सरळ खळ्यांवर गेली आणि एकेका सुडीला काकडा लावत पुढं सरकली. वारा पश्चिमेचा होता. पंधरावीस सुड्या बघता बघता एका ज्वाळेत गेल्या.

हरणाबाई बादली घेऊन धावली, पण तिच्या आधी बलभीम पोचला होता. बलभीम तिचा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि सासू वारलेली होती, म्हणून त्याला न्हाऊमाखू घालून तिनंच वाढवला होता. त्यानं लाकडी दाताळं उचललं आणि काकडेवाल्याच्या पाठीत घातलं. तो माणूस उलथला. दुसऱ्यानं मागून कुऱ्हाड टाकली ती बलभीमच्या मानेत आणि खांद्यात मिळून बसली. ती ओढून काढायला त्या माणसाला त्याच्या पाठीवर पाय द्यावा लागला.

हरणाबाई जवळ आली तेव्हा बलभीमचे डोळे उघडे होते. तिच्या लुगड्याचा पदर रक्तानं जड झाला, आणि टोळी आली तशी ओढ्यात उतरून गेली.

ते साल अठ्ठेचाळीसचं. पांढरवाडी परंड्यापासून तीन कोसांवर, निजामाच्या मुलखाच्या अगदी कडेला होती. ओढ्यापलीकडं चार कोस चाललं की बार्शीचा मुलूख लागे. तो आदल्या वर्षी स्वतंत्र झाला होता. अलीकडं मात्र राज्य कुणाचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि अशा वेळी कुऱ्हाड असलेली माणसं आपापलं राज्य मांडून बसतात. या टोळीच्या म्होरक्याला जमादार म्हणत. महायुद्धाच्या वर्षांत तो गावोगाव लेव्हीचं, म्हणजे सरकारी सक्तीचं, धान्य गोळा करायचा ठेका घेई. कोणत्या गावात किती पिकतं हे त्याला पाठ होतं.

गाव वाईट सालातही उपाशी पडत नव्हतं, याला एक कारण होतं. तिथं ज्वारीच्या रानाला करडईची कड असे आणि मधून तुरीच्या ओळी असत, म्हणजे एक गेलं तरी दुसरं हाती लागे. पीक आलं की त्याचे वाटे पडत. एक वाटा सुगीतच बार्शीच्या बाजारात जाई. एक आषाढात, भाव चढल्यावर जाई. आणि प्रत्येक घर पोत्यामागं एक पायली ज्वारी गावाच्या पेवात घाली. कुणाचं पीक गारांनी झोडपलं, तांबेऱ्यानं खाल्लं किंवा आगीत गेलं, तर त्या घराला पेवातून माणशी ठरलेलं धान्य मिळे. ते परत करायचं नसे. घेणाऱ्यानं फक्त पहिली ओंजळ पुन्हा पेवात टाकायची आणि मग पाटी उचलायची, एवढी रीत होती.

पेव कसं असतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढं जे झालं ते पेवातच झालं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली खोली. तोंड एका माणसापुरतं, आत मात्र दोन पुरुष खोल आणि रांजणासारखं फुगीर. कडेनं कडबा लावायचा, धान्य भरायचं, तोंडावर फरशी ठेवायची आणि वर हातभर माती ओढायची. धान्य दहा वर्षं टिकतं. पण कोंडलेल्या धान्याची वाफ आत साचते. तिला रंग नसतो आणि ती माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. म्हणून फरशी काढली की अर्धा दिवस थांबायचं, मग दोरीला दिवा बांधून धान्यापर्यंत सोडायचा. दिवा जळत राहिला तर उतरायचं. विझला तर परत थांबायचं.

गावाबाहेर पांढऱ्या मातीचं टेकाड होतं आणि त्याच्या पोटात सात पेवं होती. कोणत्या पेवात धान्य आहे हे दोनच घरांना ठाऊक असे. भरायच्या वेळी लोक ज्वारी टेकाडाच्या पायथ्याला ओतून माघारी जात आणि दोन दिवस तिकडं कुणी फिरकत नसे. त्या दोन घरची माणसं पेव भरत आणि सातही तोंडं सारखी लिंपत. दिवा सोडायचं काम बाबामियाँच्या घरात तीन पिढ्या होतं. दुसरा मान हरणाबाईच्या नवऱ्याचा. नवरा वारल्यावर तो मान तिच्याकडं आला.

बलभीमला अग्नी देऊन लोक चावडीपुढं बसले. महालिंगप्पा सगळ्यांत मोठा जमीनवाला. तो राख झालेली कणसं हातात चुरत होता.

"म्या दिवाळीलाच म्हणलं हुतं," तो म्हणाला. "भाव हाय तवर सगळं बार्शीला काढा. आता खावा राख."

"गेल्या साली तुमी सगळं करडईवर लावलं आन् बार्शीचा नाका बंद झाला," हरणाबाई म्हणाली. "तवा पोरांनी काय खाल्लं, अप्पा? करडई का पेवातली ज्वारी?"

महालिंगप्पाची बायको शांताक्का पदराआड हसली. त्यानं हातातली राख झटकली.

"बरं, बरं. मग उघडा की पेव. माणसं काय धुरावर जगनार हायती?"

"उघडायचं न्हाय. आठ दिवस तरी न्हाय."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. लिंबाजीची बायको मथुराबाई कडेला बसली होती. तिचीही सुडी जळाली होती, आणि तिचा नवरा पंधरा दिवसांपासून घरी नव्हता. ती म्हणाली, "वैनी, लेकरं हायती माजी."

"मला ठावं हाय. पन इचार करा जरा. लुटायला आलेला मानूस जनावर नेतो, भांडं नेतो. ह्यांनी एक शेळी नेली न्हाय. फकस्त सुड्या जाळल्या. का? गावाला पेव उघडायला लागावं म्हून. कंचं पेव भरलंय ते त्यास्नी आपल्याच हातानं दाखवून घ्यायचंय."

बाबामियाँ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. सत्तरीला आलेला, हाडकुळा. "हरणा बराबर बोलतीय," तो म्हणाला. "सब्र करा. मागून खाऊ, पन गप बसू."

तीन दिवस गावानं तुरीच्या घुगऱ्या आणि पाला शिजवून खाल्ला. चौथ्या दिवशी दुपारी टोळी परत आली, आणि या खेपेला तिच्यामागं दोन रिकाम्या बैलगाड्या होत्या. पुढच्या गाडीत लिंबाजी बसला होता.

त्यांनी माणसं घराघरातून ओढून काढली. दार उघडायला उशीर झाला तिथं कुऱ्हाडीनं दार फोडलं आणि दारामागच्या माणसाचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. सगळ्यांना टेकाडाच्या पायथ्याला बसवलं. बंदुका घेतलेले दोघं त्यांच्यापुढं उभे राहिले. हरणाबाई आणि बाबामियाँला वर नेलं.

जमादार ठेंगणा, गोरापान माणूस होता. बोलणं मऊ. "चाचा, माझ्याकडं टाइम न्हाय. बार्शीकडची पोरं निजामाविरुद्ध बंदुका घेऊन फिरतायत. सात पेवं खोदत बसलो तर ती येतील. कंचं ते सांगा आन् घरी जावा."

"मी दिवा सोडनारा मानूस," बाबामियाँ म्हणाला. "पेव दाखवनं माझं काम न्हाय."

जमादारानं मान हलवली. दोघांनी म्हाताऱ्याला पाडलं आणि त्याचा उजवा हात एका दगडावर धरला. कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, पहिल्यांदा करंगळीवर पडला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. बाबामियाँ ओरडला नाही. त्याच्या घशातून नुसती घरघर आली. दुसरं बोट. तिसरं. पायथ्याला बाया डोळे झाकून बसल्या. चौथ्या घावाला अंगठा फुटला आणि रक्त हरणाबाईच्या पायावर उडालं.

"जमादार," लिंबाजी पुढं आला. हरणाबाईच्या नजरेला नजर न देता त्यानं टेकाडावरच्या आंब्याच्या झाडाकडचं पेव दाखवलं. "म्या म्हणलं हुतं की. हेच हाय. पौषात म्या हितं शेरडं चारत हुतो. तवा ह्या दोगांनी हे उघडून धान्य काढलेलं म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

त्यानं बघितलं होतं ते खरं होतं. पण अर्धंच. पौषात हरणाबाईला त्या पेवावरची माती ओलसर लागली होती. पावसाळ्यात कडेच्या फटीतून पाणी शिरलं होतं. वरचं कोरडं धान्य दोघांनी काढून दुसऱ्या पेवात हलवलं. तळाची पाचसहा पोती काळी पडून पार कुजली होती. ती तशीच ठेवून त्यांनी तोंड पुन्हा बंद केलं. कुजकं धान्य सुक्यापेक्षा कितीतरी जास्त वाफ धरतं. त्या दिवशी बंद करताना बाबामियाँ म्हणाला होता, ह्यात आता उंदीरसुद्धा जगणार नाही.

जमादारानं हरणाबाईची वेणी मुठीत धरून तिचं डोकं मागं ओढलं. "व्हय का ग? हेच का?"

बाबामियाँचा डावा हात आता दगडावर धरला होता. कुऱ्हाडीचा तुंबा वर गेला होता.

"सोडा त्यास्नी," हरणाबाई म्हणाली. "लिंबाजी म्हणतो तेच."

खोऱ्यांनी माती उडाली. फरशी सरकली. आंबट, कुबट भपकारा वर आला आणि एक जण नाक दाबून मागं सरला.

"पेवाला वास असतोच," लिंबाजी हसला.

बाबामियाँ गुडघ्यावर बसला होता. उजवा पंजा छातीशी धरला होता, त्यातून थेंब गळत होते. त्यानं पेवाचं काळं तोंड बघितलं आणि तो म्हणाला, "दिवा सोडा आधी."

हरणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. त्याची बोटं मोडणारा माणूस चार हातांवर उभा होता. तरी तो म्हणाला. तीन पिढ्यांत उघड्या पेवावर त्या घरातलं माणूस हे बोलल्याशिवाय राहिलं नव्हतं.

"हा वेळ काढतोय," जमादार म्हणाला.

"व्हय तर. ती बार्शीवाली येस्तोवर बसवून ठेवायचा इचार दिसतोय चाचाचा," लिंबाजी म्हणाला. "दोन म्हैन्यांमागं उघडलेलं पेव हाय. एकदा श्वास घेतलेल्या पेवात वाफ धरत न्हाय, हे आमच्यात बारकं पोरगंबी सांगंल."

हेही खरं होतं. कोरड्या धान्याच्या बाबतीत खरं होतं.

"लिंबाजी," म्हातारा पुन्हा म्हणाला, "बेटा, दिवा सोड."

जमादारानं त्याच्या तोंडावर लाथ मारली. लिंबाजीनं धोतराचा काचा मारला. गावाला आपणच आत उतरून दाखवतो असं त्याला वाटलं असावं, किंवा जमादाराला. पाटी घेऊन त्यानं कडेच्या खोबणीत पाय घातला. हरणाबाईचं तोंड उघडलं. या पोराच्या बारशाला ती गेली होती. बलभीम आणि तो एका ओढ्यात पोहायला शिकले होते. मानेतून ओढून काढलेली कुऱ्हाड तिला दिसली. टेकाडाच्या पोटातलं तिसरं पेव तिला दिसलं, त्यातलं गावाचं वर्षभराचं खाणं आणि पुढचं बी दिसलं. तिनं तोंड मिटलं.

लिंबाजीचं डोकं खाली गेलं. "हाय, हाय, ज्वारी हाय," असा आवाज आला. मग पाटी पडल्याचा आवाज. मग काही नाही.

"ए लिंब्या." जमादार वाकला. "काय झालं रं?"

एक जण उतरला. तो अर्ध्यातच हात सोडून खाली कोसळला. तिसरा त्याचा सख्खा भाऊ होता. कमरेला दोरी बांधून तो रडत उतरला, आणि ओढून वर काढला तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते आणि पाय झाडले जात होते. ते थोड्या वेळानं थांबले.

टोळी पेवाच्या तोंडाशी गोळा झाली. पायथ्याचे बंदूकवालेही वळून वर बघायला लागले. तेवढंच पुरलं.

ज्वारी हुरड्याला आली की पाखरं राखायला बाया माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवतात. शांताक्कानं वीस सुग्या तेच केलं होतं. तिनं कमरेची गोफण कधी काढली ते महालिंगप्पालाही कळलं नाही. दगड बंदूकवाल्याच्या कानशिलावर बसला आणि तो हूं न करता तोंडावर पडला. दुसऱ्याची बंदूक उडाली. छर्ऱ्यांनी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचं पोट फाडलं. मग सगळं गाव एकदम उठलं.

पुढची पाव घटका कुणी नीट सांगू शकलं नाही. दगड, फाळ, जळक्या सुडीची खुंटं, जे हाताला लागलं ते चाललं. एका जणाला बायांनी दगडांनीच ठेचला. हरणाबाईची वेणी जमादाराच्या हातातच होती. त्यानं तिला ढाल केलं आणि कंबरेचा सुरा तिच्या गळ्याला लावला. तिनं त्याचा अंगठा दातात धरला आणि हाडापर्यंत चावला. सुरा तिचा कान कापून गेला. महालिंगप्पानं मागून कुदळ घातली. पहिल्या घावाला जमादार बसला. दुसऱ्याला आडवा झाला. त्यानंतरच्या घावांची गरज नव्हती, पण महालिंगप्पा थांबेना. शेवटी शांताक्कानं त्याचा हात धरला.

"बास. बास झालं आता. मेलाय त्यो."

उरलेले चौघं बैल आणि गाड्या तिथंच टाकून ओढ्याकडं पळाले. दिवस अजून मावळला नव्हता.

पेवातली माणसं त्या संध्याकाळी आकड्यानं ओढून काढली. लिंबाजीच्या मुठीत काळी, चिकट ज्वारी होती. मूठ उघडता आली नाही. तशीच जाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पेवाची फरशी निघाली. बाबामियाँचा उजवा हात फडक्यात गुंडाळला होता, म्हणून दुपारी दोरी हरणाबाईनं धरली. तिच्या कानावर हळदीचं पोटीस होतं. "हळू," म्हातारा सुजलेल्या तोंडानं सांगत होता. "झटका दिऊ नको. हां. आता थांब." दिवा धान्यावर टेकला आणि जळत राहिला. त्याच्या उजेडात ज्वारी पिवळीधमक दिसली.

लोक रांगेनं आले. माणशी दोन पायल्या. जो तो पहिली ओंजळ पेवात टाकी आणि पाटी उचली. छर्ऱ्यांनी मेलेल्या म्हाताऱ्याच्या सुनेनं रडतरडत टाकली. सगळ्यांत शेवटी मथुराबाई उभी होती, दोन लेकरं पदराला धरून. रांगेत तिच्या पुढंमागं जागा मोकळी राहिली होती.

"हिला कशाला?" महालिंगप्पा म्हणाला. "हिच्या नवऱ्यानं गाव विकलं. बलभीम त्याच्यामुळं गेला, वैनी. तुमचा बलभीम."

हरणाबाईनं पायली वर काढलेल्या ज्वारीच्या राशीत बुडवली. "हिनं दरसाल पेवात घातलं का न्हाय, अप्पा?"

"घातलं, पन..."

"सुडी जळली का न्हाय हिची?"

महालिंगप्पानं नाइलाजानं मान डोलावली.

"मग झालं. कुनाची सुडी जळली तेवढंच बघायचं आसतं. मानूस बघायला लागलो तर पुढल्या साली ह्यात कोन घालंल?"

तिनं मापं काठोकाठ भरून मथुराबाईच्या पाटीत ओतली. तिच्या वाट्याची, मग लेकरांची. मथुराबाई पाटीकडं बघत राहिली.

"वैनी, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"चाचा दोनदा बोलले. तुमी न्हाय बोलला."

"न्हाय बोलले."

"का?"

हरणाबाईनं पेवाकडं बोट केलं. आत दिवा जळत होता. मथुराबाईनं तिकडं बघितलं, मग पदराला धरलेल्या लेकरांकडं. तिनं वाकून पाटी डोक्यावर घेतली आणि ओंजळ न टाकताच ती टेकाड उतरायला लागली.

"ए बाई, रीत हाय," महालिंगप्पानं हाक दिली.

"ऱ्हाऊ द्या, अप्पा."

हरणाबाईनं आपल्या वाट्याच्या पाटीत हात घातला. एक ओंजळ पेवात टाकली. थोडं थांबून दुसरी टाकली. दाणे खाली दिव्याच्या उजेडातून पडताना दिसले.

"दोरी वढ," बाबामियाँ म्हणाला. "तेल जळतंय."